एवढं मोठं जहाज, आणि तोफ एवढीशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधलेलं, तटरक्षक दलाच्या ‘समर्थ’ वर्गातलं गस्ती जहाज १०५ मीटर लांब आणि अडीच हजार टनांच्या आतबाहेर. तरी त्यावर ३० मिलिमीटरची एकच मुख्य तोफ, क्षेपणास्त्र एकही नाही आणि वेग जेमतेम २६ नॉट, म्हणजे तासाला २६ सागरी मैल. तस्करांच्या बोटी ४० नॉटने पळतात. मग हे धूड समुद्रात करतं काय?

मी दलात यांत्रिक होतो. नोकरीतली बरीच वर्षं गस्ती जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि झडतीच्या बोटीतही पुष्कळदा बसलो. त्यामुळे उत्तर खालून, म्हणजे इंजिनाकडून आणि पाण्याकडून देतो. वरून, ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथून बघणारे कदाचित वेगळं सांगतील.

बैल घेताना शेतकरी शिंगांवर भाळत नाही, तोंड उघडून दात बघतो. गस्ती जहाजाची तोफ म्हणजे शिंगं. दात बघायचे असतील तर जहाजाच्या दोन्ही अंगांना बघा, जिथे बोटी टांगलेल्या असतात. याच वर्गातल्या ‘सचेत’वर चार वेगवान बोटी आणि एक रबरी बोट आहे. त्या बोटी खवळलेल्या पाण्यात उतरवायच्या, माणसं समोरच्या नौकेवर चढवायची आणि सगळ्यांना धडधाकट परत वर घ्यायचं, यासाठी बाकीचं सगळं जहाज बांधलेलं असतं. लांबी त्यासाठी, इंजिनं त्यासाठी, वीस दिवसांचा शिधा त्यासाठी.

बोट उतरवणं म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. रात्रीचे अडीच, वारा वायव्येचा, लाट दोन मीटरची. कप्तान जहाज असं वळवतो की वारा एका अंगावर येतो आणि दुसऱ्या अंगाला आडोसा तयार होतो. जहाज थांबवत नाहीत, चार-पाच नॉटने पुढे सरकत ठेवतात. बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लांब दोर असतो, त्याचं दुसरं टोक जहाजावर बरंच पुढे बांधलेलं. त्यामुळे बोट पाण्याला टेकली की जहाजाबरोबर ओढली जाते, मागे घसरून जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्याकडे जात नाही. मग हूक सोडायचा. तो लाटेच्या माथ्यावरच सोडावा लागतो, कारण तेव्हाच वायर सैल असते. अर्धा सेकंद उशीर झाला आणि लाट खालून निघून गेली, की बोट माणसांसकट वायरवर लोंबकळते, तेही हिसक्याने. हूक सुटला की सुकाणूवाला नाळ बाहेरच्या अंगाला काढतो, दोर मोकळा होतो, आणि तेव्हा कुठे आपण श्वास सोडतो.

परत वर घेणं याहून वाईट. लोखंडी हूक डोक्याच्या उंचीवर झुलत असतो, बोट खालीवर होते, आणि ते दोन्ही एका क्षणाला जुळवायचे असतात. माझ्या डाव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही, ती अशाच एका रात्रीची. चूक माझीच. ग्रीस लागलेला हातमोजा काढून ठेवला होता.

आता लांबीचं. समुद्राची लाट जहाजाला किती त्रास देणार हे तिच्या उंचीइतकंच तिच्या लांबीवरही ठरतं. खोल पाण्यात आठ सेकंदांनी येणारी लाट एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत साधारण १०० मीटर असते. पन्नास मीटरची बोट अशी प्रत्येक लाट चढते आणि उतरते, घाटातल्या एसटीसारखी. शंभराच्या पुढचं जहाज दोन माथ्यांवर बऱ्यापैकी टेकून जातं. नाळ आपटणं कमी होतं, मागच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरू शकतं, आणि बोट उतरवायला आडोसाही लांबलचक मिळतो. म्हणून आकार मोठा. तोफा ठेवायला जागा हवी म्हणून नव्हे.

तरी जहाज डुलतंच. डुलणं कमी करायला पोटाखाली दोन्ही अंगांना हलते पंख असतात, पण जहाजाला वेग असेल तेव्हाच ते नीट काम करतात. गस्तीचं जहाज अर्धा वेळ रेंगाळत असतं. मग झोपताना एक गुडघा भिंतीला रोवून झोपायचं, आणि गॅलीत कुकर कडीला बांधून ठेवायचा. पावसाळ्यात आठवड्यातले चार दिवस खिचडी का असते, असं नवे नाविक विचारायचे. वरण-भात-भाजी-पोळी चार भांड्यांतून सांडते, खिचडी एकाच भांड्यातून सांडते.

वेगाचा मुद्दा मला सर्वांत जवळचा, म्हणून जरा रेंगाळतो. ‘सचेत’वर प्रत्येकी ९,१०० किलोवॅटची दोन डिझेल इंजिनं आहेत, म्हणजे एकूण १८,२०० किलोवॅट. ढोबळ नियम असा की जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. उलट बाजूने बघा: २६ नॉटला सगळी ताकद लागत असेल, तर १३ नॉटला तिचा आठवा भाग, म्हणजे सुमारे २,३०० किलोवॅट पुरतात. डिझेलही त्याच मानाने वाचतं. या जहाजांचा पल्ला किफायतशीर वेगाने ६,००० सागरी मैलांचा सांगतात. १२ नॉट धरले तर ते ५०० तास होतात, जवळपास २१ दिवस. वीस दिवस बंदराचं तोंड न बघता राहता येतं ते या हिशेबावर.

मग २६ च्या पुढे का नाही? कारण पाणी कापत जाणारं प्रत्येक जहाज स्वतःची एक लाट घेऊन चालतं, आणि जितकं लांब जहाज तितकी ती लाट वेगाने धावू शकते. शंभर मीटरच्या जहाजाला ही मर्यादा २४ नॉटच्या आसपास भेटते. त्यापुढे जहाज स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागतं आणि प्रत्येक जादा नॉटला डिझेल पाण्यासारखं जातं. याच जहाजाला ४० नॉट हवे असतील तर पोटात इंजिनांशिवाय काही मावणार नाही. ना शिधा, ना बोटी, ना माणसं.

आणि एक गंमत. एवढं मोठं इंजिन दिवसेंदिवस मंद चालवलं की ते रुसतं. सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यात तेलकट काजळी साचते. म्हणून ठरावीक तासांनी त्याला काही काळ दामटावं लागतं. पहाटे पाच वाजता जहाज अचानक सुसाट सुटलं की नव्या पोरांना वाटायचं पाठलाग सुरू झाला. पाठलाग कसला, इंजिन घसा खाकरत असायचं.

४० नॉटच्या बोटीला मग पकडतं कोण? किनाऱ्याजवळ हे काम इंटरसेप्टर बोटींचं. लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस मीटरच्या बोटी ४५ नॉटपर्यंत जातात. खोल समुद्रात जहाज पळणाऱ्याच्या मागे लागत नाही, तो जिथे जाणार तिथे आधी जाऊन उभं राहतं. वरून डॉर्निअर विमान ठिकाण सांगतं, जहाज वाट अडवतं, शेवटचे काही मैल हेलिकॉप्टर आणि लहान बोटी सांभाळतात. शिवाय ४० नॉट हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातला, तळ्यासारख्या पाण्यातला. दोन मीटरच्या लाटेत त्या वेगाने बोट नेली तर बोट टिकेल एक वेळ, आतल्या माणसांचे मणके टिकत नाहीत. त्या समुद्रात मोठं जहाज आपले वीस नॉट धरून आरामात येत राहतं.

येत राहणं, नजरेआड होऊ न देणं, याला कायद्यातही किंमत आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र ठरलं. तिथे गुन्हा करून खुल्या समुद्रात पळणाऱ्या परदेशी जहाजाचा पाठलाग करता येतो, पण १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कराराने त्याला अटी घातल्या आहेत. पाठलाग आपल्या हद्दीत सुरू झाला पाहिजे. थांबण्याची खूण त्याला दिसेल किंवा ऐकू येईल एवढ्या अंतरावरून दिली पाहिजे. मध्ये खंड पडता कामा नये. आणि पळणारा स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरला की पाठलाग संपला. म्हणजे डिझेल संपलं म्हणून तुम्ही मागे फिरलात, तर नुसता चोर जात नाही, हक्कही जातो. पाठलाग करणारं जहाज युद्धनौका नसेल तर ते सरकारी कामावरचं आहे हे स्पष्ट ओळखू आलं पाहिजे, अशीही अट आहे. पांढरा रंग, तिरपा पट्टा आणि अंगावर ठळक अक्षरं ही शोभा नाही. ‘तुम्ही कोण ते दिसलंच नाही’ असं कुणाला म्हणता येऊ नये.

इथे माझ्याच म्हणण्याला थोडी आडवी जाणारी गोष्ट सांगायला हवी. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाजवळून ‘अलोंद्रा रेनबो’ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज चाच्यांनी पळवलं, आत ॲल्युमिनियमच्या लगडी. नाव पुसून ‘मेगा रामा’ रंगवलं आणि ते अरबी समुद्रात आलं. नोव्हेंबरात त्याला गाठलं ते तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने. होय, आपल्या महाराणी ताराराणींचंच नाव. इशाऱ्याचे बार झाले, तरी ते थांबेना. ‘ताराबाई’ लहान जहाज, पण तिने पिच्छा सोडला नाही. नौदलाची ‘प्रहार’ आली, गोळीबार झाला, तेव्हा कुठे ते थांबलं. आतल्या १५ जणांनी जहाज बुडवायचाही प्रयत्न केला होता. तेव्हा मोठी तोफ कधीच लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रहार येईपर्यंत ते जहाज डोळ्यांसमोर होतं, कारण ताराबाई टिकून होती.

त्या खटल्याची पुढची गत ऐकण्यासारखी आहे. २००३ मध्ये मुंबईत शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयात सगळे सुटले. आपल्याकडे चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदाच नव्हता, तो २०२२ मध्ये संमत झाला. जहाजं पकडणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते इथे लिहीत नाही.

तोफेबद्दल थोडक्यात. जहाजावरची ३० मिलिमीटरची सीआरएन-९१ ही लष्कराच्या ‘सारथ’ या चिलखती गाडीवरच्या तोफेची समुद्रावरची बहीण. समोरच्याच्या नाळेपुढे पाण्यात ओळीने फवारे उडवायला आणि लहान बोट थांबवायला ती पुरते. क्षेपणास्त्र बसवलं की त्याचं रडार, त्याची कोठारं, त्याची माणसं आणि त्यांचा सराव हे सगळं आलं, आणि ते सोडणार कुणावर? शांततेच्या काळात समोर मासेमार असतो, तस्कर असतो, बुडणारा असतो. यातल्या कुणालाही क्षेपणास्त्राने पकडता किंवा वाचवता येत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ज्या ‘कुबेर’मधून आले, ती पोरबंदरची मासेमारीची बोट होती, समुद्रात पळवलेली. बाहेरून बघायला गुजरातच्या हजारो बोटींतली एक. जगातली कुठलीही तोफ ती ओळखू शकली नसती. बोटीवर चढून, कागद बघून, तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, डोळ्यांत बघितलं असतं तर कदाचित. २००९ मध्ये प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी दलाकडे आली आणि झडत्या वाढल्या त्या यामुळे.

झडतीत यांत्रिकाचं काम काय असतं? नाविक माणसं आणि कागद बघतात, आम्ही बोटीचं पोट बघतो. डिझेलच्या टाकीत काठी घालून खोली मोजायची आणि बाहेरून टाकी किती दिसते त्याच्याशी ताडून बघायची. पान्याने टाकीवर टकटक करायची, भरलेली आणि पोकळी वेगळी वाजते. जुनाट गंजक्या बोटीत एखाद्याच पत्र्याचा रंग ताजा असेल, किंवा बोल्टच्या डोक्यावर चकाकणारे ओरखडे असतील, तर तिथे थांबायचं.

रत्नागिरीच्या पश्चिमेला एकदा अशीच एक ट्रॉलर. माशांचा खण बाहेरून मोजला, आत उतरून मोजला, पावणेदोन फुटांचा फरक. माझे कान टवकारले. आतली फळी उचकटली तर मागे थर्माकोलच्या लाद्या, नीट एकावर एक रचलेल्या. म्हातारा तांडेल वरून वाकून बघत होता. म्हणाला, “साहेब, थर्माकोल हाय. बरफ इतळू नये म्हणून घातलाय. आमच्या बोटीवर नाय बघितला तं शाळंत बघितला आसंल.” खलाशी तोंड फिरवून हसले. फळी मीच परत ठोकून दिली आणि त्याने काळा चहा पाजला. शंभर झडत्यांतल्या बहुतेक अशाच संपतात. पण पुढच्या वेळी वादळाचा निरोप आला आणि त्या तांडेलाला परत फिरायला सांगितलं, तेव्हा तो ऐकतो, कारण आपली माणसं त्याने जवळून पाहिलेली असतात. १५५४ हा दलाचा मदतीचा नंबर कोकणातल्या बंदरांवर अनेकांना तोंडपाठ आहे, तो नुसता पत्रकं वाटून झालेला नाही.

आणि आग. हल्ली गस्ती जहाजाचं हे काम फार वाढलंय. १९ जुलै २०२४ ला कारवारजवळ ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ या कंटेनर जहाजाला आग लागली तेव्हा भर पावसाळ्यात ‘सचेत’, ‘सुजीत’ आणि ‘सम्राट’ गेली. तिन्ही गोव्यातच बांधलेली. पुढच्या वर्षी ९ जून २०२५ ला केरळसमोर ‘वान हाय ५०३’ पेटलं, तिथे ‘समुद्र प्रहरी’ आणि ‘सचेत’ने पाण्याचे झोत मारले. त्याआधी पंधरवड्यापूर्वीच, २५ मे ला, कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं होतं. वरचे २४ च्या २४ वाचले, २१ तटरक्षक दलाने उचलले, ३ नौदलाच्या ‘सुजाता’ने.

कंटेनरच्या बंद पेटीतली आग बाहेरून पाणी मारून विझत नाही. आपण फक्त पत्रा गार ठेवतो, म्हणजे शेजारची पेटी पेटत नाही, आणि ते जहाज किनाऱ्याकडे वाहत येणार नाही हे बघतो. पाणीही मोजून मारावं लागतं, कारण आत साचलेलं पाणी एका अंगाला धावलं की जळतं जहाज कलंडतं. हे टीव्हीवर दिसतं. दिसत नाही ती आपल्या जहाजाची इंजिनरूम. मी अशा एका आगीला होतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं असं कितीही ठरवलं तरी वारा फिरतो आणि धूर आपल्यावर येतो. डिझेल इंजिनाला हवा लागतेच, ते धूरच ओढतं. फिल्टर दोन तासांत काळे ठिक्कर. माणसांसाठीची हवेची झापं बंद करावी लागली, खाली उकाडा पन्नाशीला टेकला, आणि वरून ब्रिज सांगत होता, पंप चालू ठेवा, जागा सोडायची नाही. पंप थांबला असता तर आधीचे सहा तास फुकट गेले असते. आम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाने माणसं बदलली, मिठाचं पाणी पाजलं, आणि फिल्टर धुवायला स्वयंपाक्यालाही बसवलं.

एक तक्रार मात्र नोंदवतो. एका जहाजावर बोट उतरवायच्या यंत्राच्या तेलाच्या नळ्या अशा ठिकाणी क्लॅम्पने आवळल्या होत्या, जिथे खारं पाणी साचून राहायचं. वरून नळी चकचकीत, क्लॅम्पखाली गंजून कागदासारखी. नेमकी माणसं बोटीत बसलेली असताना ती फुटली. बोट अर्ध्यावर लटकली आणि हाताने पंप मारत खाली घ्यावी लागली. त्यानंतर मी कुठल्याही जहाजावर गेलो की पहिल्या आठवड्यात सगळे क्लॅम्प सोडून बघायचो. आरेखन करणाऱ्यांनी तोफेची जागा जितक्या बारकाईने ठरवली असेल, तितकीच या नळ्यांचीही ठरवावी.

तुम्हाला कधी असं जहाज आतून बघायला मिळालं तर तोफेपाशी फोटो जरूर काढा, सगळेच काढतात. मग मधल्या भागात या, बोटीच्या पोटाला हात लावून बघा. रंग दर काही महिन्यांनी नवा होतो, पण त्याखाली दुसऱ्या बोटींच्या कडांवर घासून पडलेल्या खाचा हाताला लागतात. आणि बोटीच्या वर बघा, नळ्यांचे क्लॅम्प कुठे आहेत ते.